शब्दांची मोजदाद आणि शाळेंतली मराठी



आमच्या बोर्ली पंचतनापासून दिवेआगर अगदीं जवळ आहे. त्या गांवचा शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, ताम्रपट जुन्या मराठीच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. तेथून उत्तरेस, अलिबागजवळच्या अक्षी गांवीं, एक शिलालेख आहे. तो शके ९३४ चा मानतात. मराठी भाषा लिहून ठेवण्याच्या ज्या अगदीं पहिल्या खटपटी झाल्या, त्यांत आमच्या ह्या किनाऱ्याचा वांटा आहे. ही गोष्ट मी वर्गांत दरसाल मोठ्या अभिमानानें सांगत असें. आणि ती सांगून झाली कीं त्याच किनाऱ्यावरच्या मुलांच्या वह्या उघडून त्यांच्या घरच्या शब्दांवर तांबड्या शाईच्या रेघा ओढीत असें. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं मेळ बसत नाहीं, हें माझ्या ध्यानांत यावयास नोकरी संपावी लागली. आज त्याविषयींच चार शब्द बोलणार आहें.

आरंभींच सांगतों कीं मी भाषाशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिक झालों, शिक्षकाची पदविका घेतली, आणि वाईकडचें आपलें गांव सोडून घांट उतरून ह्या बाजूला नोकरीस आलों, तो येथेंच राहिलों. भाषेचें शास्त्र म्हणून जें कांहीं मी आज सांगेन तें म्हातारपणीं शिकलेलें आहे, आणि तेंही माझ्या भाचीकडून. तिनें पुण्यास राहून ह्या विषयाचा रीतसर अभ्यास केला आहे.

नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांतली हकीकत आहे. सहावीच्या वर्गांतल्या एका मुलीनें निबंधांत लिहिलें, ‘बाबांनीं खळ्यांत सुपारी वाळत घातली.’ आमच्या घांटावर खळें म्हणजे मळणीची जागा. तेथें ज्वारी मळतात, बैल फिरतात, वारा पाहून उफणणी करतात. सुपारीची मळणी कोणी केल्याचें मला ठाऊक नव्हतें. मीं ‘खळ्यांत’ खोडून ‘अंगणांत’ लिहिलें आणि एक गुण कापला. पुढच्या खेपेस तिनें ‘पाखाडी’ लिहिली. मीं तिची ‘गल्ली’ केली. तिनें ‘असोला नारळ’ लिहिला. मीं ‘न सोललेला’ असा बदल केला आणि समासांत ‘प्रमाण भाषा वापरावी’ अशी सूचनाही दिली. त्यानंतर तिनें पावसाळ्यावर जो निबंध लिहिला, तो मात्र अगदीं निर्दोष होता. त्यांत धरतीनें हिरवा शालू नेसला होता, बळीराजा आनंदून गेला होता आणि मोर पिसारा फुलवून नाचत होता. मीं तिला पैकीच्या पैकी गुण दिले. आमच्या गांवांत मोर नाचतांना मीं आजपर्यंत पाहिलेला नाहीं, आणि तिनेंही पाहिला नसावा.

सेवानिवृत्तीनंतर ही गोष्ट मीं भाचीला गंमत म्हणून सांगितली. तिला गंमत वाटली नाहीं. ती म्हणाली, “मामा, खळें हा शब्द चूक हें तुम्हीं कशाच्या आधारावर ठरविलें?”

मी म्हणालों, “अग, आमच्याकडे त्याचा अर्थ निराळा आहे.”

“तुमच्याकडे म्हणजे किती माणसांकडे? तुम्हीं मोजलीं होतीं का?”

मीं अर्थातच मोजलीं नव्हतीं. भाषा मोजतात, हेंच मला ठाऊक नव्हतें.

तिनें मला जें समजावून दिलें तें असें. एखादी भाषा लोक प्रत्यक्षांत कशी लिहितात व बोलतात, ह्याचे नमुने विचारपूर्वक निवडून मोठ्या प्रमाणांत एकत्र करावयाचे. पुस्तकें, वर्तमानपत्रें, पत्रें, संभाषणें, जें मिळेल तें. परंतु कोणत्या प्रकारचें किती घ्यावयाचें हें आधीं ठरवून. ह्या संचयाला इंग्रजींत ‘कॉर्पस’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘देह’. मी त्याला ‘भाषासंचय’ म्हणतों. मग त्या संचयाला प्रश्न विचारावयाचे : हा शब्द किती वेळां आला? कोणाच्या लिखाणांत आला? त्याच्या मागें-पुढें कोणते शब्द येतात? व्याकरणकार जें नियम म्हणून सांगतो, तें लोक खरोखर पाळतात का? आज हें काम संगणक क्षणांत करतो. पण त्यामागची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

आपल्याकडे धर्मग्रंथांच्या पदसूची होत आल्या आहेत. कर्नल जेकब यांचा उपनिषदांचा व भगवद्गीतेचा वाक्यकोश १८९१ सालीं मुंबईंत छापला गेला. कोणता शब्द कोणत्या वाक्यांत आला आहे तें त्यांत एका जागीं पाहावयास मिळतें. जर्मनींत केडिंग नांवाच्या गृहस्थानें लघुलेखनाच्या सोयीसाठीं सुमारें १ कोटी १० लाख शब्द माणसांकरवीं मोजून घेतले आणि १८९७-९८ मध्यें तो हिशेब प्रसिद्ध केला. १९२१ मध्यें अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं शिक्षकांकरितां १०,००० शब्दांची यादी काढली, ती कोणता शब्द किती वेळां भेटतो हें मोजून. ह्या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात ते मायकेल वेस्ट. हे ढाक्यास शिक्षकांच्या महाविद्यालयांत होते. बंगाली मुलगा इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत वर्षानुवर्षें धडपडतो आणि शेवटीं साधें पान त्याला वाचतां येत नाहीं, हें पाहून त्यांनीं थोड्या, पण वारंवार भेटणाऱ्या शब्दांवर वाचनमाला रचली. १९५३ सालीं त्यांची सुमारें २,००० शब्दांची यादी निघाली, आणि ती जगभर इंग्रजीच्या शिक्षकांनीं वापरली. पूर्व बंगालच्या वर्गांतली अडचण सोडवावयास सुरुवात झाली आणि तिचा उपयोग साऱ्या जगाला झाला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतल्या संस्कृत कोशाचें काम तर अनेकांनीं ऐकलें असेल. १९४८ सालीं डॉ. कत्रे यांनीं तें हातीं घेतलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून शब्द त्यांच्या वाक्यांसह उतरवून घेतले. त्या चिठ्ठ्या एक कोटीच्या घरांत आहेत. पहिला खंड निघावयास १९७६ साल उजाडलें. मोलस्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें ६०,००० शब्द आले. तोही लोकांच्या तोंडून व कागदांतून शब्द गोळा करूनच झाला. कोंकणांतले पुष्कळ शब्द त्यांत सांपडतात. हा कोश माझ्या शाळेच्या कपाटांत होता. मीं तो उघडला नाहीं, हा कोशाचा दोष नव्हे.

यंत्रावरचा पहिला मोठा इंग्रजी संचय अमेरिकेंतल्या ब्राउन विद्यापीठांत झाला. १९६१ सालीं छापलेल्या मजकुरांतले ५०० उतारे, प्रत्येकीं सुमारें २,००० शब्दांचे, मिळून दहा लाख शब्द. त्याच नमुन्यावर पुढें ब्रिटिश इंग्रजीचा संचय झाला. आणि आपल्या महाराष्ट्रांत, कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनीं भारतीय इंग्रजीचा असाच संचय केला. तो १९७८ सालच्या छापील मजकुराचा असून १९८६ मध्यें पुरा झाला. आंकडे मुद्दाम तेच ठेवले : ५०० उतारे, दहा लाख शब्द, कारण अमेरिकेच्या व इंग्लंडच्या इंग्रजीशेजारीं आपली इंग्रजी ठेवून ताडून पाहावयाची होती. भारतीय माणूस इंग्रजी लिहितांना जें वेगळें करतो, तें सगळें चूकच, असें धरून न चालतां आधीं तो करतो काय, हें पाहूं, अशी ती दृष्टि होती. कोल्हापुरच्या अभ्यासकांनीं इंग्रजीला जो न्याय दिला, तो मीं माझ्या वर्गांतल्या मराठीला दिला नव्हता.

मराठीचा यंत्रावरचा संचय त्यानंतरचा. १९९१ मध्यें भारत सरकारनें देशी भाषांसाठीं एक योजना काढली. तींत मराठीचें काम डेक्कन कॉलेजाकडे आलें. प्रत्येक भाषेचे सुमारें तीस लाख शब्द गोळा करावयाचे, तेही १९८१ ते १९९० ह्या दहा वर्षांतल्या छापील मजकुरांतून : ललित साहित्य, सामाजिक शास्त्रें, विज्ञान, व्यापार, सरकारी व वर्तमानपत्री मजकूर, भाषांतरें. मोजणाराच्या दृष्टीनें मराठी ही त्रासदायक भाषा आहे. इंग्रजीचा ‘हाउस’ फार तर एक-दोन रूपें घेतो. आमचें घर घ्या : घरा, घराला, घरांत, घरून, घरांतला, घरांतल्यांना, घरच्यांनींसुद्धां! यंत्राला हे सारे निरनिराळे शब्द वाटतात. उलट ‘वर’ हा एकच शब्द दिसला तर तो नवरदेव, देवानें दिलेला वर, कीं नुसतें ‘वरती’, हें त्याला कळत नाहीं. त्यासाठीं शब्द सोडवून मूळ रूपाशीं नेण्याची निराळी खटपट करावी लागते, आणि ती पुरती साधलेली नाहीं.

आतां ह्या सगळ्याचा शाळेला उपयोग काय? इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें टिम जॉन्स नांवाचे एक शिक्षक होते. त्यांची रीत अशी कीं शब्दाचा अर्थ किंवा नियम शिक्षकानें सांगावयाचाच नाहीं. संचयांतलीं त्या शब्दाचीं पुष्कळ वाक्यें, तो शब्द मधोमध येईल अशा रीतीनें एकाखालीं एक मांडून विद्यार्थ्यापुढें ठेवावयाचीं, आणि नियम त्यालाच शोधूं द्यावयाचा. मला ही रीत ऐकतांच आवडली, कारण तिला संगणकही लागत नाहीं. चिठ्ठ्या पुरतात.

गांवच्या वाचनालयांत शनिवारीं कांहीं मुलें माझ्याकडे येतात. त्यांना मीं सांगितलें कीं ‘लागणें’ हें क्रियापद आठवडाभर कानांवर येईल तेव्हां तें वाक्य जसेंच्या तसें चिठ्ठीवर उतरवून आणा. बोलणारा कोणीही असो. आजी असो, एस. टी. चा वाहक असो. पुढच्या शनिवारीं चिठ्ठ्यांचा ढीग पडला. भूक लागली. निकाल लागला. पाऊस लागला. ठेच लागली. झोंप लागेना. किती पैसे लागतात? वहाण लागते. फणसाला फळ लागलें. पोरगें रडूं लागलें. दादाला नोकरी लागली. दिघीहून एका मुलानें दोन चिठ्ठ्या आणल्या होत्या : ‘बोट धक्क्याला लागली’ आणि ‘काकीला बोट लागली’. घांटावरून नवा आलेला एक मुलगा विचारूं लागला कीं काकीला बोट लागली म्हणजे काकी बोटीखालीं सांपडली कीं काय? सगळीं हंसलीं. मग मुलांनींच ढिगाचे ढीग पाडले. जेथें एक वस्तु दुसरीला जाऊन भिडते तो एक; जेथें शरीराला किंवा मनाला कांहीं होतें तो दुसरा; जेथें आरंभ होतो तो तिसरा; जेथें गरज असते तो चौथा. फणसाच्या फळाला जागा मिळेना, म्हणून त्याची चिठ्ठी बराच वेळ जमिनीवरच पडून राहिली. एका मुलीच्या ध्यानांत आलें कीं ‘मला भूक लागली’ ह्यांत ‘मला’ कितीही बदललें, तरी ‘लागली’ बदलत नाहीं, त्याला, तिला, आम्हांला, सगळ्यांना ‘लागली’च, तें बदलतें भुकेच्या लिंगाप्रमाणें. हा नियम मीं तीस वर्षें फळ्यावर लिहून पाठ करून घेतला. तिनें तो अर्ध्या तासांत चिठ्ठ्यांतून काढला, आणि तो ती विसरणार नाहीं असें मला वाटतें.

पण माझ्या मनांतली खळ्याची गोष्ट जात नव्हती. मग भाचीच्या मदतीनें मीं आणखी एक उद्योग केला. पावसाळ्यावरचे मुलांचे निबंध मागून आणले, तिनें ते संगणकावर उतरवून घेतले, आणि कोणता शब्द किती वेळां येतो तें आम्हीं पाहिलें. अपेक्षेप्रमाणें ‘आणि’, ‘आहे’, ‘होता’ हे शब्द पुढें. कोणत्याही भाषेंत असे थोडे शब्द लिखाणाचा मोठा भाग व्यापून टाकतात. मौज पुढेंच होती. ‘शालू’ जवळजवळ प्रत्येक निबंधांत. ‘बळीराजा’ तसाच. ‘निसर्गरम्य’ आहेच. पण पागोळ्या कोठें दिसेनात. झावळी नाहीं. होडी नाहीं. ह्या मुलांत भरडखोलकडचीं कोळ्यांचीं मुलें होतीं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या, झापांनीं शाकारून ठेवलेल्या. घरांत रोजची मिळकत थांबलेली. त्यांच्या घरीं पाऊस म्हणजे हें. आणि त्यांतला एक मुलगा लिहितो कीं पाऊस आला, बळीराजा आनंदला! मीं त्याला विचारलें, तुझ्या घरीं पावसांत काय होतें? त्यानें न अडखळतां सांगितलें, जाळीं दुरुस्त करतात, होडी शाकारतात, आई सुकी मासळी बाजारांत नेते. मीं म्हटलें, मग हें कां नाहीं लिहिलेंस? तो म्हणाला, “गुरुजी, हें निबंधांत चालतें का?”

ह्या प्रश्नाला जबाबदार कोण, हें मला भाचीनें सांगावें लागलें नाहीं. त्या मुलाला मीं शिकविलेलें नव्हतें; पण माझ्यासारख्यांनीं शिकविलेल्यांनीं त्याला शिकविलें होतें.

येथें मला भाषा मोजणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. मोजणी निःपक्षपाती असते खरी. परंतु जें पोत्यांत भरलें तेंच ती मोजणार. दहा वर्षांचा छापील मजकूर घेतला तर त्यांत आमच्या वाडीवाल्यांचें, कोळ्यांचें, येथल्या कोंकणी मुसलमान घरांतलें बोलणें कितीसें येईल? मग उद्यां एखादा शिक्षक तो संचय उघडून म्हणेल कीं हा शब्द कोठें सांपडत नाहीं, म्हणजे तो मराठी नव्हे. माझी तांबडी शाई बरी, कीं त्याचा आंकडा बरा? माझ्या शाईशीं निदान भांडतां येत होतें. आंकड्याशीं भांडावयास कोणी धजत नाहीं. बोलींचा अभ्यास मुळींच झाला नाहीं असें नाहीं. डॉ. घाटगे यांनीं मराठी बोलींची पाहणी करून पुस्तकें सिद्ध केलीं. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनीं गांवोगांवचें बोलणें ध्वनिमुद्रित करून सर्वांना ऐकावयास ठेवलें आहे. पण तें शाळेच्या वर्गापर्यंत आलेलें मला तरी दिसलें नाहीं.

आणखी एक गोष्ट. शब्द वारंवार येतो म्हणून तो मोठा, आणि क्वचित् येतो म्हणून टाकाऊ, असें मी मानीत नाहीं. परक्या भाषेचा पहिला धडा वारंवार येणाऱ्या शब्दांचा असावा हें ठीक. वेस्ट यांचें तें म्हणणें मला पटतें. परंतु मातृभाषेचा तास हा निराळा आहे. ‘आणि’ शिकवावा लागत नाहीं. उलट लाख शब्दांत एकदां येणारा ‘ओंजळ’ किंवा ‘पागोळी’ मुलाच्या हातीं राहावा, ह्यासाठींच तो तास असतो. प्रमाण भाषा शिकवूं नये असेंही माझें म्हणणें नाहीं. अर्ज, परीक्षा, कचेरी ह्यांसाठीं ती हवीच, आणि ती न देणें हा गरिबाच्या मुलावर अन्याय होईल. माझें म्हणणें इतकेंच कीं ‘अंगण’ देतांना ‘खळें’ काढून घेऊं नये. दोन्ही फळ्यावर शेजारीं लिहावे, कोण कोठें काय म्हणतो तें मुलांनाच गोळा करूं द्यावें. प्रत्येक शाळेनें आपल्या गांवचे हजारभर शब्द वाक्यांसह चिठ्ठ्यांवर उतरविले, तर त्याला शिक्षकाच्या चार सुट्यांहून अधिक वेळ लागणार नाहीं. खर्च कागदाचा.

आम्हीं तो उद्योग बोर्लींत सुरू केला आहे. गेल्या महिन्यांत त्यासाठीं मी दिवेआगरला एका घरीं गेलों होतों. तेथें पाहुण्यांची उतरण्या-जेवण्याची सोय आहे. दारावर पाटी आहे, ‘निसर्गरम्य परिसर, अंगणांत बसण्याची व्यवस्था’. घरची बाई म्हणजे सहावीच्या वर्गांतली तीच मुलगी. मीं तिला नारळा-पोफळीचे शब्द विचारले. ती सांगूं लागली : पोय, झावळी, हीर, सोडण, असोला, शहाळें, पोफळीची विरी. मी लिहीत होतों. मग मीं विचारलें, “आणि ही समोरची जागा, हिला तुम्ही काय म्हणतां?”

तिनें माझ्याकडे जरा निरखून पाहिलें, आणि म्हणाली, “गुरुजी, आधीं सांगा, गुण कापणार नाहीं ना?”